वेचणाऱ्याचा हक्क

पुण्याच्या मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी जो जुना बाजार भरतो, त्यात विक्रीस आलेल्या मालाची यादी करावयास एखादा निष्णात कारकून बसविला, तरी त्याचीही मती गुंग होईल. कारण बिजागऱ्या आणि कुलपे, बंद पडलेली घड्याळे, पितळी नळ, पोलादी पान्हे, जोड हरवलेले बूट आणि कोणा अज्ञात कुटुंबाच्या भिंतीवरून उतरलेल्या तसबिरींच्या चौकटी यांची तेथे जी एकत्र पंगत बसलेली असते, तिच्यात कालवारी किंवा किंमतवारी असा कोणताच अनुक्रम आढळत नाही. ह्या बाजाराचे एक नित्याचे गिऱ्हाईक म्हणजे आमचे नाना. सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून ते निवृत्त झाले, आणि लोकांनी टाकलेल्या वस्तूंतून उपयुक्त ते निवडून काढणे हा त्यांनी निवृत्तीनंतरचा पेशाच करून टाकला. त्यांच्याबरोबर पुष्कळदा गुरुजीही असतात. गुरुजी एका माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. ते बाजारभर हिंडतात, सर्व काही बारकाईने न्याहाळतात, आणि काहीही विकत घेत नाहीत. सदाशिव पेठेतील एक वाडा पाडला जात असताना त्याच्या राडारोड्यातून नानांनी एक सागवानी दार घरी आणले, त्या निमित्ताने उभयतांत झालेला वाद मी शक्य तितका त्यांच्याच शब्दांत पुढे देत आहे. दोन्ही पक्ष मला तुल्यबळ वाटले, म्हणून मध्ये बोलण्याचा अधिकार मी वापरलेला नाही.

नाना : गुरुजी, तुम्ही त्या दाराकडे असे पाहता आहात, जणू ते मी रात्रीच्या अंधारात उचलून आणले! पाडकामाचे कंत्राट ज्याने घेतले, त्याच्या मुकादमासमक्ष आणि त्याच्या परवानगीने ते बाहेर काढले आहे. वाड्याच्या तुळ्या आणि खांब लाकूडवाल्याने अगोदरच नेले होते; हे मात्र खालच्या अंगाला कुजलेले, म्हणून जळणात जाणार होते. वीतभर कुजका भाग कापून टाकला, की उरलेले सागवान आणखी दोन पिढ्यांना पुरेल. इतकी वर्षे उन्हापावसाचे फेरे सोसून ते लाकूड असे स्थिरावले आहे, की आता ते वाकण्याचे नाही आणि पिळण्याचेही नाही. वखारीतून आज आणलेल्या नव्या सागाविषयी इतक्या खात्रीने कोणी बोलेल काय?

गुरुजी : सागवानाची योग्यता मला मान्य आहे. परंतु यापूर्वी आणलेली दारे तुमच्या बैठकीत भिंतीला टेकून उभीच आहेत, आणि त्यांतले एकही कोणत्या चौकटीत बसलेले माझ्या पाहण्यात नाही. घरात दारे इतकी झाली, की आत शिरायला वाट उरली नाही! मागे तुम्ही आणलेल्या त्या खुर्चीबरोबर ढेकणांची जी वसाहत घरात आली, तिचा बंदोबस्त करताना वहिनींना काय सोसावे लागले, तेही मी ऐकून आहे. ह्याला तुम्ही काटकसर म्हणता; मला तो एक खर्चिक छंद दिसतो.

नाना : छंद म्हणा, व्यसन म्हणा, नाव काहीही द्या, पण त्याच्या मुळाशी जो विचार आहे तो तरी ऐकून घ्या. मनुष्य एखादी वस्तू टाकतो, तेव्हा तो केवळ लाकूड किंवा धातू टाकत नाही. ज्याने ते झाड तोडले, ज्याने ते करवतीखाली धरले, ज्याने रंध्याखाली घासून त्यावर वेलबुट्टी उठवली, त्या सर्वांचे श्रम तो एका क्षणात मातीमोल करतो. जुन्या वाड्याच्या विटेचेच पाहा. घाणीत मळलेल्या चुन्यात बसविलेली वीट हातोडीच्या हलक्या ठोक्याने मोकळी होते, चुना खरवडला की पुन्हा नव्या भिंतीत बसते. सिमेंटात बसविलेली वीट मात्र सांध्यातून सुटण्याऐवजी स्वतःच फुटते, कारण सिमेंट विटेहून कठीण. धातूंची गोष्ट तर याहून बोलकी आहे. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढावयास जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुने वितळवून तेच काम भागते. आमच्या आजीने नऊवारीच्या जीर्ण पातळांची वाकळ शिवली, ती फाटल्यावर तिचे पोतेरे झाले, आणि पोतेऱ्याचे आयुष्य संपल्यावर ते चुलीत गेले. वस्तूला इतके जन्म देणारी जी गृहव्यवस्था होती, तिचा मी एक मागे राहिलेला प्रतिनिधी आहे असे समजा.

गुरुजी : आमच्या शाळेत दरवर्षी ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाचे प्रदर्शन भरे. आइस्क्रीमच्या काड्यांची घरे आणि होड्या मांडलेल्या असत. एका वर्षी मी मुलांना विचारले, की बाळांनो, इतके आइस्क्रीम कोणी खाल्ले? तेव्हा समजले, की काड्यांची कोरी पाकिटे वाण-सामानाच्या शेजारच्या दुकानात विकत मिळतात आणि पालक ती आणून देतात. टाकाऊ वस्तूचे प्रदर्शन मांडण्यासाठी नवी वस्तू विकत घ्यावी, यात जी गंमत आहे, तीच मला सुखवस्तू माणसाच्या काटकसरीत वारंवार आढळते. तुमच्या आजीला वाकळ शिवणे भाग होते. तुम्हाला ते भाग नाही. वाकळीतली ऊब आजीला हवी होती, तुम्हाला वाकळीची आठवण हवी आहे.

नाना : आठवणीला इतके क्षुद्र लेखू नका. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, तेव्हा सरदारांच्या आणि कारभाऱ्यांच्या वाड्यांतील दप्तरांची काय अवस्था होती? काही रुमाल वाळवीच्या स्वाधीन झाले होते, काही कागद वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्याच्या कामी लागले होते, आणि घरच्या मंडळींना ती सारी अडगळ वाटत होती. त्या अडगळीतून १८९८ पासून पुढे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड निघाले, आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. दिनकर केळकरांचे उदाहरण तर आपल्या शुक्रवार पेठेतच आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा, चष्म्यांच्या व्यवसायातला हा गृहस्थ अडकित्ते, वज्री, दिवे, दौती, कुंकवाचे करंडे, वाड्यांची कोरीव दारे असे जे जे लोकांच्या लेखी कालबाह्य झाले होते, ते ते आयुष्यभर गोळा करीत राहिला; अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्याने त्या संग्रहाला दिले, आणि १९७५ साली तो सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. पाय घासण्याच्या वज्रीवर आपल्या कारागिरांनी हंस आणि मोर काढले होते, हे आज आपणांस कोणी सांगितले असते?

गुरुजी : राजवाडे आणि केळकर यांच्यापुढे मीही मस्तक नमवितो. पण त्यांच्या पंक्तीला बसण्यापूर्वी एक भेद ध्यानात घ्या. ते वस्तूचे रूप राखणारे होते. भंगारवाला तिचे द्रव्य राखतो. तुमच्यासारख्यांच्या हातून लाखात एखादी वस्तू सही-सलामत वाचते. उरलेल्या सर्व वस्तू त्याच्या तराजूत पडतात, आणि पितळ पितळेला, पत्रा पत्र्याला, कागद कागदाला जाऊन मिळतो. त्याचे नाव कोणत्याही संग्रहालयाच्या फलकावर लागत नाही. विक्रांत ही विमानवाहू नौका आठवते ना? १९६१ साली ती आपल्या नौदलात आली, १९७१ च्या युद्धात तिने कामगिरी बजावली, १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, त्यानंतर काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि अखेर तिचा लिलाव होऊन २०१४ साली दारूखान्यात ती तोडण्यात आली. त्या वेळी तुम्ही किती हळहळला होतात!

नाना : हळहळणार नाही तर काय करणार? ज्या नौकेवरून शत्रूवर विमाने झेपावली, तिचे पोलाद वजनावर विकले जावे, ह्याचे वाईट वाटणे अस्वाभाविक आहे का?

गुरुजी : अस्वाभाविक मुळीच नाही. परंतु समुद्राच्या पाण्यात लोखंड उभे ठेवावयाचे, तर त्याला दरसाल जो खर्च येतो तो कोणी तरी सोसावा लागतो, आणि जयघोष करणाऱ्यांपैकी तो सोसावयास कोणी पुढे आले नाही. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे मोटारसायकली बनविण्याच्या कामी आला, आणि ती तोडणाऱ्या मजुरांच्या चुली काही महिने पेटल्या. माझ्या मते त्या नौकेची ही शेवटची सेवा काही कमी प्रतीची नव्हे. राखण्याची हौस असणाऱ्याने राखण्याचा खर्चही हिशेबात धरावा, एवढेच माझे म्हणणे.

नाना : बरे, उपयुक्ततेचा आणि आठवणीचा मुद्दा बाजूस ठेवू, हक्काचा मुद्दा घेऊ. टाकलेली वस्तू उचलणे हे काही हलके कृत्य आहे, अशी जी समजूत सभ्य समाजात रूढ आहे, तिला आपल्या धर्मशास्त्रात आधार नाही. स्वामित्व कोणकोणत्या मार्गांनी प्राप्त होते, याची गणना गौतमाने केली आहे: रिक्थ, क्रय, संविभाग, परिग्रह आणि अधिगम. वारसा, खरेदी आणि वाटणी यांच्या शेजारीच त्याने स्वीकार आणि सापडणे यांनाही जागा दिली. चालुक्यांच्या कल्याणनगरीत बसून मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने परिग्रहाची उदाहरणे देताना पाणी, गवत आणि लाकूड यांचा निर्देश केला. ज्यावर कोणाची मालकी नाही ते ज्याने उचलले त्याचे, इतके हे सरळ आहे.

गुरुजी : ज्यावर पूर्वी कोणाचीच मालकी नव्हती, अशा वस्तूविषयी विज्ञानेश्वर बोलतो, टाकलेल्या वस्तूला मालक होता आणि त्याने ती सोडली. शिवाय तुमचा हा अर्ज आजच्या कचेरीत चालणार नाही. महानगरपालिकेच्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक कुंडीत पडलेला कचरा ही पालिकेची मिळकत होय. म्हणजे तुमच्या वाड्याच्या दाराला मुकादमाची संमती होती म्हणून तुम्ही निभावलात. कुंडीतला कागद उचलणारी बाई मात्र कायद्याच्या काटेकोर भाषेत दुसऱ्याच्या मिळकतीला हात लावीत असते. तिला कितीदा हटकले गेले असेल, किती वेळा चोर म्हटले गेले असेल, याची तुम्हाला कल्पना आहे. तुम्हाला मात्र जुन्या बाजारात ‘साहेब, या’ म्हणतात.

नाना : म्हणूनच मी म्हणतो, की शास्त्राची उदार दृष्टी कायद्याने घ्यावी. मनूने ब्राह्मणाच्या उपजीविकांची प्रतवारी लाविली, तीत कापणी झालेल्या शेतात सांडलेले दाणे आणि कणसे वेचून पोट भरण्याच्या वृत्तीला ‘ऋत’ म्हणून सर्वांच्या वर बसविले. व्यापार बराच खाली ठेविला, आणि चाकरीला श्वानवृत्ती म्हणून तळाशी नेऊन टाकले. मी आयुष्यभर सरकारी चाकरी केली, तेव्हा निवृत्तीनंतर वेचू लागलो ही त्या हिशेबाने मला मिळालेली बढतीच होय! महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातले ते मुंगूस आठवा. कुरुक्षेत्रात उञ्छवृत्तीने, म्हणजे असेच दाणे वेचून, राहणाऱ्या एका कुटुंबाने स्वतः उपाशी राहून आपले सातूचे पीठ अतिथीला वाढले. त्या सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले, आणि उरलेले अर्धे सोन्याचे व्हावे म्हणून ते धर्मराजाच्या यज्ञमंडपात आले, तर एवढ्या ऐश्वर्याच्या यज्ञानेही ते काम झाले नाही. वेचून खाणाऱ्याचा याहून मोठा गौरव कोणत्या वाङ्मयात असेल?

गुरुजी : नाना, आता मला थोडे सविस्तर बोलू द्या. तुम्ही मनूचा चौथा अध्याय वाचून दाखविलात; मी तुम्हाला दहाव्याची आठवण देतो. तेथे चांडाळाने काय नेसावे आणि कशात जेवावे हे सांगितले आहे. मेलेल्यांच्या अंगावरची वस्त्रे त्याने नेसावीत, आणि फुटक्या भांड्यांत जेवावे. दुसऱ्याने सोडलेले दाणे एकाने उचलले, तर ते ऋत. दुसऱ्याने सोडलेले वस्त्र दुसऱ्या एकाने नेसले, तर ती त्याच्या हीनतेची निशाणी. उचलण्याची क्रिया तीच, हात मात्र निराळे. एकापुढे अनेक मार्ग मोकळे होते आणि त्याने हा निवडला. दुसऱ्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता. माझे आजोबा गावात तराळकी करीत. हाडकी-हाडोळ्याची थोडी जमीन, बलुत्याचे धान्य, मेलेल्या ढोराची कातडी, मढ्यावरचे कापड, सणासुदीला घरोघरचे उरलेसुरले अन्न, असे ते वतन होते. बिदरच्या बादशहाने बावन्न हक्कांची सनद दिली, अशी परंपरा आमच्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाई. त्या सनदेतले पुष्कळसे ‘हक्क’ म्हणजे इतरांना नकोशा झालेल्या वस्तू होत्या, हे समजायला आम्हाला शतके लागली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितले, की मेलेले ढोर ओढू नका, मृतमांस खाऊ नका, उष्ट्यातुकड्यांवर जगू नका. आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला, त्याच गावी, तुम्ही आता जिचा आधार घेतलात त्या स्मृतीचे दहन झाले. ते वारे आमच्या गावापर्यंत पोहोचल्यावर माझ्या वडिलांनी उरलेले अन्न आणणे बंद केले, आणि त्या वर्षी घरात अर्धपोटी राहावे लागले, असे माझी आई सांगे. वतन कायद्याने गेले ते पुढे १९५८ च्या अधिनियमाने. टाकलेले नाकारणे हे आमच्या घरात उधळपट्टीचे लक्षण कधीच नव्हते. माणूसपणाकडे टाकलेले ते पहिले पाऊल होते. म्हणून मी जुन्या बाजारात हिंडतो आणि काही घेत नाही. माझा पहिला पगार झाला तेव्हा मी नवे कापड घेऊन सदरा शिवला. त्या कोऱ्या कापडाचा वास तुमच्या सागवानाच्या वासाहून मला आजही अधिक पूज्य वाटतो.

नाना : गुरुजी, मी याला काय उत्तर देऊ? मनूचा आधार मी मागे घेतो. परंतु वेचणे हीच गोष्ट त्याबरोबर मागे घ्यावी, असे मला अद्याप वाटत नाही, आणि त्यासाठी मी तुमच्या-माझ्या दोघांच्याही आदराचे नाव घेतो. गाडगेबाबांनी चिंध्या जोडून अंगरखा केला, फुटके गाडगे हाती धरले, आणि त्याच वेषात आयुष्यभर गावोगावची घाण झाडली. ज्या चिंध्या आणि ज्या फुटक्या भांड्यावर तुम्ही बोट ठेवलेत, तीच त्यांनी आपली ओळख केली.

गुरुजी : आणि बाबासाहेबांनी उत्तम शिवलेला कोट-पाटलोण घालून त्याच महाराष्ट्रात व्याख्याने दिली. दोघांनाही एकमेकांचे मोल ठाऊक होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली, यावरून ते दिसते. गाडगेबाबांच्या अंगरख्याला कोणाचा हुकूम नव्हता. ते चिंध्या घालून फिरले. पण मिळालेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा आणि शाळा बांधल्या, त्या चिंध्यांच्या बांधल्या नाहीत, चांगल्या दगडाविटांच्या बांधल्या. स्वतःसाठी टाकाऊ आणि दुसऱ्यासाठी नवे, असा त्यांचा शिरस्ता होता. बहुतेक दानशूर गृहस्थांचा शिरस्ता नेमका याच्या उलट असतो. पुरासाठी मदत गोळा होते तेव्हा फाटके परकर आणि टाच निघालेल्या चपला कोठून येतात, ते छावणीत काम करणाऱ्यांना विचारा.

नाना : तो आरोप मला मान्य. आता माझा एक प्रश्न. तुम्ही वस्तू नाकारलीत, नवी घेतलीत, जुनी झाल्यावर ती टाकणार; पण टाकलेली वस्तू हवेत विरून जात नाही. तुम्ही ती उचलली नाहीत, तर दुसरा कोणी उचलतो, आणि हा ‘दुसरा’ कोण असतो हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. तेव्हा प्रत्येकाने नवे घ्यावे आणि जुने फेकावे, या मुक्तीच्या मार्गात शेवटी त्याच वस्तीतल्या बाईच्या डोक्यावरचे पोते जड होत नाही काय?

गुरुजी : होते, आणि ह्या ठिकाणी माझी बाजू लंगडी आहे, हे मी कबूल करतो. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून जी कुटुंबे पुण्यास आली, त्यांतल्या कितीतरी बायकांनी पोते उचलले, आणि त्यांतल्या बहुसंख्य आमच्याच समाजातल्या आणि मातंग समाजातल्या होत्या. मला वाटे, की यांना ह्या कामातून सोडविणे एवढाच एक उपाय. पण १९९३ साली बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली, तेव्हा त्या बायकांनी जे मागितले त्याने मी चकित झालो. आम्हाला कचऱ्यापासून दूर करा, असे त्या म्हणाल्या नाहीत. कचऱ्यावर आमचा हक्क मान्य करा, आम्हाला ओळखपत्र द्या, कुंडीत हात घालण्याऐवजी घराच्या दारातून माल आमच्या हाती द्या, असे त्या म्हणाल्या. पालिकेचा शिक्का असलेली ओळखपत्रे काही वर्षांत मिळाली. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा पालिकेशी करार झाला. घरोघरी जाऊन कचरा घ्यावयाचा, त्याबद्दल दरमहा शुल्क घ्यावयाचे, आणि विकण्याजोग्या मालाचे उत्पन्न स्वतःचे. बावन्न हक्कांच्या सनदेत आणि ह्या करारात काय अंतर आहे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वस्तू पूर्वीसारखीच दुसऱ्याने टाकलेली. पण सनद जन्माने चिकटत होती आणि तीत मजुरी नव्हती, उलट ह्या करारावर त्यांनी आपल्या संघटनेमार्फत वाटाघाट करून सही केली, आणि तो न पटल्यास मोर्चा काढण्याची ताकद त्यांच्यात आहे.

नाना : म्हणजे वेचण्यात मुळातच काही हीन नाही, हे तुम्हीच सिद्ध केलेत!

गुरुजी : घाई करू नका. हक्क मिळाला म्हणून सगळाच माल हात लावण्याजोगा झाला, असे नाही. तारांवरचे वेष्टण जाळून आतले तांबे काढणारी पोरे कोणता धूर छातीत घेतात? जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्याच्या रक्तात शिसे उतरते. नीट न गुंडाळलेल्या काचेने आणि दाढीच्या पात्याने हात कापतो, आणि मग धनुर्वाताची सुई शोधत फिरावे लागते. तुमचे सागवान सुगंधी आहे, म्हणून तुम्हाला वेचण्यात काव्य दिसते.

नाना : येथे मात्र अभियंता म्हणून मला दोन शब्द बोलू द्या. मघाची चुन्याची आणि सिमेंटची वीट आठवा. जी वस्तू जोडताना पुन्हा सुटी करण्याची सोय ठेविली, ती वाचविता येते. जिची सोय ठेविली नाही, ती कितीही सद्भावना बाळगली तरी वाचत नाही. बटाट्याच्या कापांचे ते चकचकीत पाकीट घ्या. प्लॅस्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांस असे चिकटविलेले असतात, की ते विलग करणे परवडत नाही, आणि म्हणून कोणताही भंगारवाला त्याला हात लावीत नाही. भुशाच्या दाबीव फळ्यांचे कपाट एकदा पाण्यात भिजले, की फुगून त्याचा लगदा होतो. त्याच्या दाराला जुन्या बाजारातही जागा नाही. तेव्हा टाकणाऱ्याला आणि वेचणाऱ्याला नीतिपाठ देण्यापूर्वी बनविणाऱ्याला जाब विचारला पाहिजे. ज्या वस्तूचा शेवट काय होईल हे ठाऊक नाही, ती कारखान्याच्या फाटकाबाहेर सोडण्याचा परवाना त्याला कोणी दिला? उत्पादकावर ही जबाबदारी टाकणारे नियम आता झाले आहेत. त्यांची अंमलबजावणी आमच्या खात्याच्या पद्धतीने न होवो, इतकीच प्रार्थना.

गुरुजी : या कलमावर आपले एकमत आहे. मला आणखी एक भर घालू द्या. टाकणे आणि देणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर वस्तू जमिनीवर पडण्यापूर्वीच्या क्षणात असते. खिडकीतून भिरकावलेला डबा आणि धुऊन, झाकण लावून हातात दिलेला डबा, यांची भंगारातली किंमत कदाचित एकच असेल. पण पहिल्यात घेणाऱ्याला वाकावे लागते, दुसऱ्यात दोन माणसे समोरासमोर उभी असतात. तुम्ही सुखवस्तू लोकांनी वेचण्याचे तत्त्वज्ञान पुष्कळ लिहिले. टाकण्याची रीत मात्र कोणी शिकविली नाही.

नाना : मग ती रीत आमच्यापासूनच सुरू होऊ द्या. आमच्या गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा जवळ आली आहे. तीत मी ठराव मांडतो. कलम पहिले, ओला आणि सुका कचरा प्रत्येक सभासदाने घरातच वेगळा करून हातात द्यावा. दुसरे, काच आणि पाती कागदात गुंडाळून त्यांवर खूण करावी. तिसरे, माल निवडण्यासाठी वाहनतळात छपराखाली जागा आणि पाण्याचा नळ द्यावा. चौथे, दरमहाचे शुल्क घासाघीस न करता, मुदतीत द्यावे. आणि पाचवे, वापरण्याजोगे कपडे, भांडी, पुस्तके स्वच्छ करून जिन्याखालच्या फळीवर ठेवावीत. ज्याला जे हवे ते त्याने कोणास न विचारता न्यावे.

गुरुजी : पाचव्या कलमाला माझी एक दुरुस्ती आहे. त्या फळीवरची पहिली वस्तू तुमच्या सभासदांपैकी कोणीतरी, सर्वांदेखत, आपल्या घरी न्यावी आणि वापरावी. फळीवर ठेवणारे एका मजल्यावरचे आणि नेणारे नेहमी दुसऱ्याच वस्तीतले, असे झाले, तर ते नव्या नावाचे बलुतेच होईल.

नाना : त्यात काय अवघड आहे? मीच नेतो!

गुरुजी : तुम्ही नको. तुमचा लौकिक साऱ्या पेठेला ठाऊक आहे; तुम्ही नेलीत तर लोक हसून सोडून देतील. संस्थेच्या अध्यक्षांनी न्यावी.

नाना : अध्यक्षांनी? गुरुजी, ते गृहस्थ दर दिवाळीला पडदे बदलतात. शेजाऱ्याने ठेवलेला कुकर ते आपल्या घरी नेतील, हे मला तरी संभवनीय दिसत नाही. त्यांनी नकार दिला, तर अख्खा ठरावच बारगळेल.

गुरुजी : मग पाचवे कलम गाळा आणि पहिली चार मंजूर करून घ्या. त्या चारांत कोणाचे औदार्य लागत नाही. ते कामाचे देणे आहे, आणि देणे चुकविण्यासाठी मन मोठे असावे लागत नाही.